जालावर सापडलेल्या जुन्या तबकड्या: दुवे, पट्टी, खरखर आणि बाकी सगळं

षड्जपंचम

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांपैकी जालावर जे काही हाती लागतंय ते एका जागी असावं, म्हणून हा धागा. गाणं, यंत्र, जाहिरात, कंपनीच्या सूचीचं पान, लेबलचा फोटो, काहीही चालेल. ज्याला जे सापडेल त्याने इथे टाकावं.

सुरुवात दोन मोठ्या साठ्यांपासून करतो.

पहिला साठा ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम'मधला. मुंबईतल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींनी त्यात 'यंग इंडिया' आणि 'ओडियन' या दोन लेबलांच्या तबकड्यांचं डिजिटायझेशन केलं आहे. ओडियन मूळची जर्मन कंपनी. तिने भारतात दोन टप्प्यांत काम केलं, आधी १९१२ ते १९१६ आणि मग १९३२ ते १९३८. किराणा घराण्याच्या ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांना आपण ऐकत आलो, ते मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यातले. 'यंग इंडिया' ही मुंबईचीच कंपनी. तिच्या यादीत नामांकित गवयांपेक्षा आज कुणाला ठाऊक नसलेली नावं जास्त आहेत, आणि मला तिची ओढ वाटते ती त्यामुळेच.

दुसरा साठा इंटरनेट आर्काइव्हचा, 'ग्रेट ७८ प्रोजेक्ट'. तो प्रामुख्याने अमेरिकी तबकड्यांचा, पण त्याच संकेतस्थळावर लोकांनी स्वतंत्रपणे चढवलेल्या भारतीय तबकड्याही पुष्कळ आहेत. नाव देवनागरीत आणि रोमीत, दोन्ही प्रकारे टाकून शोधा. रोमीत स्पेलिंग बदलून बदलून पाहावं लागतं.

आता एक विनंती. खाँसाहेबांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाहीं आवत चैन' शोधा. ढिगाने प्रती मिळतील. त्यातल्या कुठल्याही दोन शेजारी ठेवून ऐका. मी ऐकल्या, तर षड्ज, म्हणजे मूळ सा, जुळत नाही. एकीत आवाज कोवळा आणि घाईतला वाटतो, दुसरीत संथ आणि भरदार. तिसऱ्या एका प्रतीत खरखर इतकी पुसली आहे की मागचा तानपुराही तिच्याबरोबर गेलाय. तबकडी एकच, पण आज पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला खाँसाहेब तीन वेगवेगळे भेटतात. म्हणून इथे काहीही टाकताना लेबलचा फोटो, तबकडीचा क्रमांक आणि न पुसलेला मूळ आवाज मिळतो का ते जरूर बघा. साफसफाई केलेली प्रत त्याच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नको.

---

मिरजकर_आप्पा

उत्तम धागा. तुमच्या विनंतीला माझा पूर्ण पाठिंबा.

ज्या तबकडीचं नाव तुम्ही घेतलंत तिचं मोल सांगायला पाहिजे. लहानपणी गदगमध्ये भीमसेनजींच्या कानावर हीच ठुमरी रेकॉर्डवरून पडली आणि गाणं शिकायला म्हणून ते घर सोडून निघाले, ही हकीकत सगळ्यांना माहीत आहे. गुरू समोर नव्हता, समोर होती ती लाखेची तबकडी. तिचा वेग बिघडवून ती लोकांपुढे ठेवणं ही लहानसहान बाब नाही.

ज्यांच्या घरी तबकड्या आहेत त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

तबकडीवर दोन प्रकारचे क्रमांक असतात. लेबलवर छापलेला तो विक्रीचा, म्हणजे दुकानदाराच्या सोयीचा. खरा महत्त्वाचा तो मॅट्रिक्स क्रमांक. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी राहते, तिथे तो कोरलेला किंवा ठसवलेला असतो. समोरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. खोलीत अंधार करा, टॉर्च तबकडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. अक्षरं सावलीने उठून दिसतात. काही वेळा क्रमांक लेबलच्या कागदाखाली गेलेला असतो. तिथेही आडव्या उजेडात उंचवटा कळतो.

ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर क्रमांकापुढे लहानसा त्रिकोण किंवा चौकोन दिसला तर समजा की मुद्रण विजेचं आहे, म्हणजे मायक्रोफोन वापरलेलं. त्रिकोण १९२५ नंतरच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीचा, चौकोन त्यानंतरच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा. काहीच खूण नसेल आणि तबकडी जुनी वाटत असेल तर ते कर्ण्यासमोर उभं राहून गायलेलं असण्याची शक्यता मोठी.

आणि कृपा करून तबकडी स्पिरिटने पुसू नका. तबकडीत लाख असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, मग उभी करून सावलीत वाळवायची. ठेवायची तीही उभीच. आडव्या थप्पीत खालची तडकते.

---

रानजाई

आप्पा, आडव्या टॉर्चची युक्ती आजच करून बघते. आजोबांच्या काही तबकड्या मी न्यू जर्सीला येताना कपड्यांच्या घड्यांत घालून आणल्या होत्या, त्यातल्या बहुतेक शाबूत आहेत.

मला सापडलेली गोष्ट म्हणजे १९०२ चं कलकत्त्याचं मुद्रण. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग त्या वर्षी भारतात आला आणि त्या काळच्या प्रसिद्ध गायिका गौहर जान त्याच्यासमोर गायल्या. गाणं संपताना त्या खणखणीत आवाजात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. मला आधी तो नखरा वाटला होता, पण त्याचं कारण फार व्यावहारिक आहे. मेणावर कोरलेलं मुद्रण बोटीने जर्मनीत हानोव्हरला जायचं, तबकड्या तिथे ठसायच्या. तिथल्या कामगाराला ना भाषा कळत होती ना गाणारीचं नाव. म्हणून नाव आवाजातच नोंदवायचं. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि बोटीचा फेरा संपला.

म्हणजे षड्जपंचम यांनी वर जी मागणी केली आहे, गाण्याबरोबर त्याची ओळख जपा, ती गौहर जाननी पहिल्याच खेपेला पाळली होती. आज चढवणारे लोक नेमका तो शेवटचा तुकडा 'गाण्याचा भाग नाही' म्हणून कापतात! माझ्याकडे अशा कापलेल्या प्रतीचा दुवा आहे आणि न कापलेल्याचाही. दोन्ही खाली देते. न कापलेली ऐका.

---

अजून_शिकतोय

खूप छान माहिती. मी संगीतात नवा आहे, पेटी शिकतोय. एक प्रश्न. ७८ फेऱ्या म्हणजे ७८ फेऱ्या, मग वेग चुकतो कसा? मशीन तर आपल्याकडे आता डिजिटल आहेत.

---

फेडर

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७८ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या काळात मेणाची तबकडी फिरवणारं यंत्र वजनावर चालायचं, वेग मुद्रण करणाऱ्याच्या हातात असायचा आणि कंपनीगणिक, दौऱ्यागणिक बदलायचा. सत्तरच्या आसपासपासून ब्याऐंशीपर्यंत सगळं सापडतं. इंग्लंडच्या कोलंबियाच्या तर कित्येक तबकड्यांवर ८० लिहिलेलंच असे. विजेवरची यंत्रं आल्यावरही तो आकडा नेमका ७८ झाला नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो ७७.९२ होतो.

हा ७७.९२ येतो कुठून? स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती पाहिली असेल, काळ्या-पांढऱ्या रेघांची. ५० हर्ट्झवर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणजे मिनिटाला ६,०००. चकतीवर ७७ रेघा असल्या आणि रेघा स्थिर दिसल्या तर वेग ६,००० भागिले ७७. घरी तपासायचं असेल तर जुना पिवळा बल्ब किंवा चोकवाली ट्यूब घ्या. चांगल्या प्रतीचा एलईडी लुकलुकतच नाही, त्यामुळे त्याच्या उजेडात रेघा फिरतायत की नाही हे कळत नाही.

आता वेगाचा पट्टीवर परिणाम. वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. म्हणजे काळी एकची पांढरी दोन. ७४ वर कापलेली तबकडी आज ७८ वर लावली की गायक जवळजवळ अर्धा स्वर वर चढतो, लय तेवढीच वाढते, आणि आवाजाचा पोतही बदलतो. घसा लहान झाल्यासारखा वाटतो. 'जुने लोक फारच उंच पट्टीत गात' असं आपण सरसकट म्हणतो. त्यात नाटकवाल्यांपुरतं तथ्य आहे, कारण माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता. पण काही भाग वेगाच्या चुकीचाही आहे आणि तो वजा केल्याशिवाय कुणाच्या पट्टीबद्दल ठाम बोलू नये असं माझं मत आहे.

योग्य वेग शोधायचा कसा? मागे पेटी किंवा ऑर्गन असेल तर सोपं. त्यांचे सूर ठरलेले असतात, वेग असा लावायचा की पेटीची पट्टी कुठल्या तरी खऱ्या पट्टीवर बसेल. यातही सावध राहावं लागतं, कारण त्या काळातल्या सगळ्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झवर लावलेल्या नव्हत्या. पण निदान अर्ध्या स्वराची चूक पकडली जाते. नुसती सारंगी आणि तानपुरा असेल तर अवघड. मग त्याच बैठकीतल्या, म्हणजे लागोपाठच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या तबकड्या एकत्र ऐकायच्या. गायक एका बैठकीत सहसा एकाच षड्जावर राहतो. आप्पांनी क्रमांकावर एवढा भर का दिला ते इथे कळेल.

---

मांडवीकाठ

फेडर यांचं वाचताना मला माझी सापडलेली वस्तू कुठे ठेवायची ते कळलं.

केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो', व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे हे आम्हा गोंयकारांना पाठ आहे. केरीत जन्मलेल्या बाईचा आवाज १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन यानांतून निघाला आणि त्याच सप्टेंबरात मुंबईत बाई गेल्या. पण मला जालावर सापडलं ते तबकडीच्या आवरणाचं चित्र आणि त्याचा उलगडा. नासाच्या संकेतस्थळावर ते आहे, जरूर बघा.

ती तबकडी १६⅔ फेऱ्यांची. म्हणजे एक फेरी ३.६ सेकंदांत. आता हे परग्रहावरच्या कुणाला सांगायचं कसं? त्यांचा सेकंद आपला नव्हे, मिनिट तर नव्हेच. म्हणून आवरणावर हायड्रोजनच्या अणूतल्या एका बदलाला लागणारा वेळ, सेकंदाच्या एक अब्जांशाच्या सुमारे ०.७० पट, हे एकक धरलं आहे आणि एका फेरीचा काळ त्या एककात द्विमान आकड्यांनी तबकडीच्या चित्राभोवती कोरला आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुईही ठेवली आहे, आणि ती कुठे टेकवायची याची आकृतीही.

म्हणजे केसरबाईंच्या या एका मुद्रणापुरता वेगाचा वाद कधीच होणार नाही. सूर्यमाला ओलांडून गेल्यावरही. आणि इथे त्यांच्याच बाकीच्या तबकड्या जालावर हव्या त्या वेगाने फिरतायत, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे! एका स्त्रीचा आवाज आहे, दोन वाक्यं, स्वच्छ उच्चार. नासाने हे सगळे नमस्कार ध्वनिरूपात जालावर ठेवले आहेत. माझ्या घरी सगळ्यांना ऐकवले.

---

रानजाई

मांडवीकाठ, मराठी नमस्कार आहे हे मला आजवर माहीत नव्हतं! आत्ता ऐकला. मुलीला शाळेतून आल्यावर ऐकवते.

---

षड्जपंचम

हायड्रोजनच्या एककात वेग! हे धाग्याच्या मुख्य लेखात वर जोडायला हवं. धन्यवाद.

फेडर, खरखर पुसण्याबद्दलही लिहा ना. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

---

फेडर

लिहितो. हा विषय मला जवळचा आहे.

सगळ्यात आधी सुई. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्यात तळाला जाऊन घासते आणि खरखर दुप्पट होते. ७८ ला साधारण तीन मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. पण प्रत्येक तबकडी वेगळी झिजलेली असते. जुन्या पोलादी पिना खाचेच्या एका ठरावीक उंचीवर घासल्या, तिथली भिंत खरवडली गेली. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावली तर ती न झिजलेल्या भागावर बसते आणि आवाज एकदम उजळतो. 'ग्रेट ७८ प्रोजेक्ट'मध्ये म्हणूनच एका तबकडीवर एकाच वेळी चार वेगवेगळ्या मापांच्या सुया चालवतात आणि चारही आवाज जपून ठेवतात. साफसफाई करत नाहीत. हे काम मला आदर्श वाटतं, कारण पुढच्या पिढीच्या हाती निवड राहते.

मग इक्वलायझेशन, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचा समतोल. आजचे सगळे फोनो ॲम्प्लिफायर १९५४ च्या आरआयएए प्रमाणाला धरून असतात. त्याआधीच्या तबकड्यांना ते लागू नाही. तसंच वाजवलं तर वरचे सूर दबतात आणि लोकांना वाटतं जुना आवाज असाच कोंदट असतो. कर्ण्यावर मुद्रित केलेल्या तबकडीत मुळातच अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झच्या आसपासचाच पट्टा आलेला असतो, त्यातही वरचं झाकलं तर उरलं काय?

आता खरखर. टकटक वेगळी आणि खरखर वेगळी. टकटक म्हणजे चरा किंवा धुळीचा कण, हजारांश सेकंदाचा खड्डा. तो संगणकाने बुजवला तर सहसा नुकसान होत नाही. 'ऑडॅसिटी'सारख्या फुकट प्रणालीतही ते करता येतं. खरखर मात्र सलग असते. ती काढायची रूढ पद्धत अशी की गाणं सुरू होण्याआधीचा एक तुकडा 'हा नमुना' म्हणून दाखवायचा, मग प्रणाली तसं जे जे सलग आहे ते सगळीकडून वजा करते.

इथेच घात होतो. आपल्या संगीतात सलग वाजणारं काय असतं? तानपुरा. जवारीतून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागातून, निघणारे वरचे स्वरांश, बारीक, अखंड, खरखरीच्याच पातळीवरचे. प्रणालीला तानपुरा आणि खरखर यांतला फरक कळत नाही. पाश्चात्त्य पियानोसाठी जे प्रमाण चालतं ते इथे लावलं की तानपुरा नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. स्वर संपताना जी आस राहते, तीही कापली जाते. खाँसाहेबांच्या गाण्यात ती आस काढली तर मागे काय राहिलं, तुम्हीच सांगा.

---

मिरजकर_आप्पा

फेडर, अगदी मनातलं बोललात.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत अजूनही जवारी लावताना कारागीर हाताने घोडी घासतो, एक धागा तारेखाली सरकवतो, कान लावतो, पुन्हा घासतो. एका तानपुऱ्याच्या जवारीवर तासन् तास जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि खाँसाहेब तर मिरजेचेच झाले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना ते एका रेल्वे स्थानकावर गेले, पण त्यांना आणलं मिरजेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. त्या माणसाचा तानपुरा 'नको असलेला आवाज' म्हणून पुसला जावा, हे मला सहन होत नाही.

मूळ आवाज ऐका. पहिल्या मिनिटात खरखर जाणवते, नंतर कान आपोआप तिच्या पलीकडे जातो.

---

अजून_शिकतोय

पण आता एआयने तर आवाज वेगळे काढता येतात ना? २०२३ मध्ये बीटल्सचं शेवटचं गाणं आलं, त्यात लेननच्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून अलग केला होता. तसं आपल्याकडे का करू नये?

---

फेडर

चांगला प्रश्न. करता येतं आणि प्रयोग जरूर व्हावेत. दोन गोष्टी मात्र लक्षात घे.

एक, या प्रणाली ज्या गाण्यांवर शिकल्या ती बहुतांश पाश्चात्त्य, नवी, स्वच्छ मुद्रणाची. आवाज, ढोल, बास, 'इतर', असे खण. सारंगी गायकाच्या मागे सावलीसारखी जाते, तिची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गळ्याची मींड एकाच ठिकाणी असते. प्रणाली सारंगीचा अर्धा भाग गायकाला चिकटवते आणि गायकाच्या ताना सारंगीला. मी करून ऐकलं आहे, तुकडे तुकडे होतात.

दोन, काही नव्या प्रणाली हरवलेलं 'भरून' काढतात. म्हणजे तबकडीत जे कधीच नव्हतं ते अंदाजाने निर्माण करतात. कानाला गोड लागतं. पण कर्ण्यातून जे आलंच नाही ते गायकाचं म्हणून कसं ऐकायचं? हरकत प्रयोगाला नाही. खाली स्पष्ट लिहिलेलं नसतं, त्याला आहे.

बाय द वे, चढवलेली फाइल खरंच मूळ आहे का हे तपासायची एक युक्ती. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, उघड. ७८ च्या तबकडीवर गाणं आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर नसतंच, पण खरखर थेट वीस हजारांपर्यंत पसरलेली असते. ती जर १६ हजारांवर सुरीने कापल्यासारखी थांबत असेल तर समज की फाइल कधीतरी कमी दर्जाच्या एमपीथ्रीतून गेली आहे, नावापुढे फ्लॅक (दर्जा न घटवणारा प्रकार) लिहिलेलं असलं तरी. आणि खरखर अजिबातच दिसत नसेल तर कुणीतरी पुसली आहे.

---

कलमवाली

कायद्याचं विचारायला कुणी येण्याआधीच लिहून ठेवते, कारण हक्कांच्या दाव्यांमुळे लोक घाबरून चांगल्या चढवलेल्या तबकड्या काढून टाकतात.

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९३६ ला निघालेली तबकडी केव्हाच मुक्त झाली आहे. पण तबकडीत दोन हक्क असतात. मुद्रणाचा वेगळा, आणि गीताचा व चालीचा वेगळा. गीत-चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला. त्यांची पदं मोकळी आहेत. गदिमा १९७७ ला गेले, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत संरक्षित. मुद्रण जुनं आहे एवढ्यावर जाऊ नका, कवी आणि संगीतकार कधी गेले तेही पाहा. पारंपरिक बंदिशींना ही अडचण सहसा येत नाही.

अमेरिकेत नियम वेगळा. तिथे १९२३ पूर्वीची मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला एकदम मुक्त झाली, त्यानंतरची टप्प्याटप्प्याने होतायत. म्हणून एकच तबकडी इथे मोकळी आणि तिथे बंद, असं होऊ शकतं. इंटरनेट आर्काइव्हवर याच ७८ च्या प्रकल्पावरून २०२३ मध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी दावा लावला होता. म्हणून एकाच साठ्यावर विसंबू नका, आवडलेली गोष्ट स्वतःकडेही उतरवून ठेवा.

स्वयंचलित दावा आला तर तबकडीचं वर्ष आणि क्रमांक देऊन हरकत नोंदवता येते. लेबलचा फोटो हाच तुमचा पुरावा. षड्जपंचम यांची विनंती कायद्याच्या अंगानेही बरोबर आहे.

---

रानजाई

गंभीर चर्चेत थोडं ऐकण्याबद्दल.

दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. जे गवई रात्रभर गात त्यांना एवढ्यात राग मांडायचा होता. मला वाटायचं की ही नुसती काटछाट असणार. पण ओडियनचा साठा सलग ऐकत गेले तेव्हा मत बदललं. खाँसाहेब वेळेशी झटापट करत नाहीत. पहिल्याच षड्जात राग उभा राहतो, एकही स्वर वाया जात नाही, आणि शेवटची तान घड्याळाकडे बघून घाईने घेतलेली वाटत नाही. त्यांनी नाट्यपदंही दिली आहेत, 'चंद्रिका ही जणू' आणि 'उगिच का कांता'. ती ऐका. मराठी उच्चार थोडे परके आहेत, पण पद त्यांचंच होऊन जातं.

आणि दुसरीकडे जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब. १९४६ पर्यंत होते, मुंबईत होते, मुद्रणाची सगळी सोय होती, पण त्यांनी तबकडी दिली नाही. त्यांची गायकी आपण केसरबाई, मोगूबाई या शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकायची. नाट्यगायक भाऊराव कोल्हटकरांचं तर नशीबच हुकलं. ते गेले १९०१ ला आणि गाइसबर्ग आला १९०२ ला. दोन वर्षांहूनही कमी फरक. ज्यांच्या आवाजासाठी माणसं नाटकाला लोटत त्यांची एक ओळसुद्धा आपल्याकडे नाही. म्हणून ज्या आहेत त्या तबकड्यांशी आपण नीट वागायला हवं असं मला फार वाटतं.

---

मिरजकर_आप्पा

रानजाईताई, सुंदर लिहिलंत. थोडी भर घालतो.

घरोघरचा फोनो कसा चालायचा हे नव्या मंडळींना कळावं. चावी भरायची, पिनांच्या छोट्या पत्र्याच्या डबीतून एक पिन काढून साउंडबॉक्सच्या स्क्रूत आवळायची, आणि ती पिन एका बाजूपुरतीच. बाजू उलटली की नवी पिन. पिना महाग म्हणून लोक त्याच वापरत राहायचे आणि त्यात आवडत्या तबकडीचं सगळ्यात जास्त नुकसान व्हायचं. त्यामुळे बाजारात आज बालगंधर्वांची तबकडी मिळते ती बहुतेक वेळा पांढुरकी पडलेली, आणि कुणी न ऐकलेल्या गायकाची चकचकीत. तुम्हाला जालावर लोकप्रिय गाणं खराब आणि अपरिचित गाणं स्वच्छ ऐकू येतं, त्याचं कारण हे आहे.

आणखी एक, लाख आपलीच. आजचं झारखंड, छत्तीसगड, बंगाल या पट्ट्यात पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे पोसतात. जगभरच्या ७८ च्या तबकड्यांत जी लाख होती तिचा मोठा वाटा इथून गेला. न्यूयॉर्कमधल्या जॅझच्या तबकडीतही आपल्या पळसाचा अंश असायचा.

---

मांडवीकाठ

आप्पा, लाखेचं वाचून आनंद झाला.

'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक जालावर मिळतात, तेही यादीत घ्या. वर उल्लेखलेल्या त्याच मुंबईच्या संस्थेचं ते. गायकांच्या तबकड्यांच्या क्रमवार सूची त्यात आहेत, क्रमांक जुळवायला फार उपयोगी. मी केसरबाईंच्या तबकड्या त्यांच्याशीच ताडून पाहतोय.

---

अजून_शिकतोय

सगळ्यांचं वाचून माझ्या आत्याकडे गेलो होतो. तिच्याकडे माळ्यावर एक पेटारा आहे. त्यात कुत्र्याच्या छापाच्या बऱ्याच तबकड्या निघाल्या. एकीचं लेबल अर्धं उडालंय, 'भैरवी' एवढंच वाचता येतं, गायिकेचं नाव गेलंय. आप्पांनी सांगितलं तसं अंधारात आडवा टॉर्च धरला. क्रमांक पूर्ण दिसला आणि पुढे छोटा त्रिकोण आहे! फोटो जोडतोय. आत्या म्हणते तिच्या सासूबाईंची आवडती होती, म्हणून जरा पांढरीही पडली आहे. तडा नाही.

आता पुढे काय करू? माझ्याकडे ७८ चं मशीन नाही.

---

फेडर

शाब्बास! फोटो स्वच्छ आला आहे. त्रिकोण म्हणजे मायक्रोफोनसमोरचं गाणं, १९२५ नंतरचं. आवाजात बरंच काही मिळेल.

पुण्यात असशील तर माझ्याकडे घेऊन ये, निरोप पाठवतो. दोन-तीन मापांच्या सुया लावून पाहू, आरआयएए बंद ठेवून सपाट उतरवू, आणि ती सपाट फाइल आधी चढवू. टकटक काढलेली प्रत वेगळी. तोवर जुन्या मशीनवर लावू नकोस, आणि पुसलीस तर फक्त पाण्याने.

---

मिरजकर_आप्पा

फोटोवरून क्रमांक उतरवून घेतला. माझ्याकडच्या जुन्या सूचीत आणि 'रेकॉर्ड न्यूज'च्या अंकांत बघतो. आजूबाजूच्या क्रमांकांच्या तबकड्या कुणाकडे असतील तर इथे सांगा, गायिका त्यांवरून कळू शकेल. पेटाऱ्यातल्या बाकीच्यांचेही क्रमांक टाक बाळ, एकाच घरात एकाच गायिकेच्या तबकड्या घेतलेल्या असतात.

---

षड्जपंचम

मुख्य लेखात आता हे जोडलं आहे: टॉर्चची पद्धत, त्रिकोण-चौकोनाची खूण, वेग तपासायची चकती, स्पेक्ट्रोग्रामची युक्ती, हक्कांची वर्षं आणि व्हॉयेजरच्या आवरणाचा दुवा. गौहर जानची न कापलेली प्रत पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे.

अजून_शिकतोय, भैरवीच्या मागे पेटी वाजते आहे का तेवढं ऐकल्यावर सांग. असेल तर वेग लावायला सोपं जाईल.